तराजू थांबल्यावरची मूठ

तराजूचा काटा मधोमध येऊन थांबला, की बाकीच्या दुकानदारांचं काम संपतं. आमच्या शेठचं तिथून पुढं सुरू व्हायचं. उजवा हात पोत्यात जायचा, मूठ भरून वर यायची, तोललेल्या डाळीवर जराशी थांबायची आणि मग बोटं एकेक करून उघडायची. "ही वरची," शेठ म्हणायचे. घेणारीच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. जणू पारड्यालाच सांगताहेत.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? वरचं कोण देत नाही? भाजीवाली सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, चार काड्या टाकते, मिरच्या टाकते. खरं आहे तुमचं. पण शेठची मूठ सरसकट सगळ्याला नसायची. तूर घ्या, मूग घ्या, बरबटीचे दाणे घ्या, जवस घ्या, फुटाणे घ्या, तर मूठ. ओट्यावर एक टोपलं असायचं. हुडकेश्वरकडची एक माळीण सकाळी त्यात पालक, चवळी, आंबटचुका असं काहीबाही ठेवून जायची. हुडकेश्वर तेव्हा खेडंच होतं, आजच्यासारखी घरांवर घरं नव्हती. त्या टोपल्यातली जुडी घेतली, तर चण्याच्या डाळीची मूठ, पातळ भाजीत टाकायला. पण साखर घ्या, चहापत्ती घ्या, टोस घ्या, वनस्पती तूप घ्या, की काटा थांबला तसा हातही थांबायचा.

आमच्या गल्लीत भागाबाई म्हणून एक होती. तोंडाची मोठी फटकळ. ती रोज विचारायची.

"शेठ, साखरेवर टाका नं थोडी."

"साखरेवर काही नाही, माय. डाळीवर आहे."

"काहून? साखर का परकी हाय?"

"परकी नाही. लाडकी हाय. लाडकीले वरून कायले पायजे?"

भागाबाई पदर तोंडाला लावून हसायची आणि साखरेसोबत पावभर डाळही घेऊन टाकायची. त्या मुठीपायी. 

ही आमची वस्ती म्हणजे नागपुरातल्या एका कापडगिरणीच्या मागची. साल काही मला नीट सांगता यायचं नाही, लग्न होऊन मी इथं आले तेव्हापासूनचं हे सगळं, म्हणजे सत्तरच्या आगेमागे धरा. संध्याकाळी भोंगा झाला की माणसं सुटायची आणि बायका दुकानात. महिन्याचा किराणा भरणं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आजचं आज आणायचं. चहाची पुडी, साखर, टोस, गोडंतेल. चहात टोस बुडवून लेकरांच्या हाती दिला की लेकरं गप्प. पोट भरल्यासारखं वाटायचं आणि झोप लागायची. कोणाला वाटायचं नाही की यात काही चुकतंय.

मी शेठकडे धान्य निवडायला जायची. पोत्यातली डाळ सुपात घ्यायची, खडे काढायचे, मग रद्दीच्या पुड्या बांधायच्या. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. जे काही वाचायला शिकले ते त्या रद्दीवर. शेठनं अक्षरं दाखवली, मी बोट ठेवून ठेवून जुळवली. त्या रद्दीत गोष्टी असायच्या, अर्ध्या. मी निवडता निवडता मोठ्यानं वाचायची. 

"मग त्या पोरीनं काय केलं?" शेठ विचारायचे.

"पुढचं पान नाही नं, शेठ. कोणाच्या तरी हळदीत गेलं."

"जाऊ द्या. बरंच केलं असंल तिनं."

असे ते. अर्धी गोष्ट ऐकून माणसाचं भलं झालं असेल असं धरून चालायचे.

दिसायला म्हणाल तर उंच, वाळके, कानावर पांढरे केस, अंगात बंडी. दुकानाच्या मागं एक खोली, तिथं एकटे राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नरखेडकडे भावाचा मुलगा होता, त्याचा संत्र्याचा बगिचा होता, एवढं ऐकून माहीत. दिवाळीच्या सुमाराला संत्र्यांची एक पेटी यायची. शेठ ती ओट्यावर उघडी ठेवायचे, आणि जुडी घेणारीला डाळीच्या मुठीऐवजी एक संत्रं. स्वतः खाताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. पण तेव्हा ते लक्षात नाही आलं. पाहिलेलं लक्षात राहतं, न पाहिलेलं कसं राहणार?

दुपारी मी माझी भाकर सोडायची. विचारायची, "शेठ, जेवले का?"

"माझं झालं."

रोज हेच. "माझं झालं." कधी झालं, काय झालं, मी खोदून विचारलं नाही. आपल्याकडे पुरुषमाणसाला कोण विचारतं?

त्या मुठीचं वस्तीत काय झालं तेही सांगते, कारण गंमतच होती. भागाबाई आधी नुसत्या डाळीच्या आशेनं जुडी न्यायची. मला म्हणाली, "वच्छला, मूठ-मूठ करून डब्यात चण्याची डाळ जमली वं. पण ती जुडी घरात पडून सडून राहिली. टाकून द्याले जीव होईना. मग केली पातळ भाजी." नवऱ्यानं दोनदा मागून घेतली म्हणे. तेव्हापासून तिच्याकडे भाजी होऊ लागली. तिची सासू तर टोस मागणाऱ्या नातवाला ओरडायची, "टोसावर मूठ भेटत नाही, फुटाणे आण!" दुकानदारानं फुकट दिलेल्या चार दाण्यांसाठी बायका आपलं सैपाकघर बदलून टाकतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. शेठनं कधी कोणाला 'हे खा, ते खाऊ नका' असं शिकवलं नाही. शिकवलं असतं तर भागाबाईनं त्यांना उभं सोललं असतं.

मी एकदा विचारलं, "शेठ, हे तुम्ही काहून करता? साखरेवरच तं जास्त खप हाय. तिच्यावर टाकाल तं गिऱ्हाईक अजून येईन."

ते पोत्याचं तोंड दुमडत बसले. मग म्हणाले, "माझी घरची होती नं, तिच्या हाती असंच दुकान भरलेलं होतं. पण गिऱ्हाईक उरकेपर्यंत चहा पीत राहायची. चहा आन टोस. संध्याकाळी म्हणे, आता कोण रांधते, भूक मेली. पांढरी पडत गेली. मले दिसलंच नाही."

आणि थोड्या वेळानं, "तेव्हा तं डोळे चांगले होते माझे."

ते शेवटचं वाक्य मला तेव्हा कळलं नाही. मी सुपात खडे शोधत राहिले.

मग गल्लीत समोर नवं दुकान झालं. आत नळीचा पांढरा लाइट, भिंतीला हिरवा रंग. चहापत्तीच्या मोठ्या पुड्यावर प्लास्टिकची फणी, वनस्पती तुपाच्या डब्यावर चमचा. बायका फण्या बघायला गेल्या. फण्या लाल होत्या, सुरेख होत्या, मीसुद्धा एक आणली, खोटं कशाला बोलू. शेठ माझ्या डोक्याकडे बघून, "रंग चांगला हाय," एवढंच म्हणाले. 

पण गिऱ्हाईक शेठकडेही येत होतंच. फणी एकदा घेतली की झाली, मूठ रोजची. खरी अडचण वेगळीच उभी राहिली. थंडीचे दिवस आले आणि शेठ दुकान लवकर बंद करायला लागले. आधी भोंगा झाल्यावर अंमळशानं, मग भोंग्याच्या बरोबर, मग तर भोंग्याच्या आधीच फळ्या लावून मोकळे. किराण्याचा सगळा धंदा त्या वेळचा. गिरणीतून माणूस सुटतो, बायको पिशवी घेऊन निघते, आणि शेठच्या दाराला फळ्या. समोर नळीचा लाइट चकचकतोय. बायका काय करणार? वळल्या तिकडे.

"शेठले पैसा झाला," भागाबाई म्हणाली. "गरिबाची संध्याकाळ आता त्यायले नको झाली."

मी म्हटलं, "तब्येत बरी नसंल."

"तब्येत सकाळी बरी राहते आन दिवेलागणीले बिघडते काय वं? अशी कोणती तब्येत?"

प्रश्न तिनं बरोबर विचारला होता, हे नंतर कळलं.

एके दिवशी भागाबाई धावतपळत आली. शेठ पहिली फळी लावत होते. बाहेर उजेड होता अजून, पण दुकानात आत तो पिवळा बल्ब, नुसता टिमटिमणारा. "शेठ, थांबा नं! पावभर मुगाची डाळ आन पावभर साखर. पाहुणे आले." शेठनं फळी खाली ठेवली. डाळ तोलली, कागदावर ओतली. साखर तोलली, शेजारच्या कागदावर ओतली. मग उजवा हात मुगाच्या पोत्यात गेला. मूठ वर आली. डाव्या हाताचं बोट कागदाच्या कडेवरून फिरलं, चाचपत, मी ते पाहिलं. आणि मूठ सुटली. 

साखरेवर.

पांढऱ्याशुभ्र साखरेवर मुगाची पिवळी डाळ. "ही वरची," शेठ म्हणाले, नेहमीसारखे, आणि हात झटकले.

भागाबाई आधी बघतच राहिली. मग अशी हसली की पाहुण्यांची घाई विसरली. "अवं वच्छला, साखरेवर पडली! शेठची मूठ साखरेवर पडली! डाळ का असंना, पण पडली नं!" दोन्ही पुड्या पदरात घेऊन ती गल्लीभर सांगत सुटली. शेठचं मन पालटलं म्हणे. 

शेठ मला म्हणाले, "काहून हसून राहिली ती?"

"काही नाही. पाहुणे आले म्हणून खूश हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपासून बायकांची रीघ. सगळ्या साखर मागायला. शेठ प्रत्येकीला सांगताहेत, "साखरेवर काही नाही, माय," आणि त्या म्हणताहेत, "काल भागाबाईले दिली, आमची काय वाकडी साखर हाय?" शेठ कधी नव्हे ते चिडले. "मी अशी कधी दिली?" एकदम सगळ्या गप्प झाल्या. कारण शेठ खोटं बोलत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि दिली होती, हेही सगळ्यांना माहीत होतं.

बायका गेल्यावर मी चहाचा पेला त्यांच्यासमोर ठेवला, नेहमीच्या जागेपेक्षा मुद्दाम वीतभर बाजूला. बाहेर सांजावत होतं. शेठचा हात नेहमीच्या जागी गेला. तिथं काही नव्हतं. हात फळीवरून हळूहळू सरकत पेल्यापर्यंत पोचला.

"शेठ," मी म्हटलं, "दिवेलागणीले दिसत नाही नं तुम्हाले?"

"दिसते." पेला तसाच धरून बसले. "थोडं धुकं येते."

"घरात धुकं?"

मी घरी जायला निघाले तसे उठले, एक हात भिंतीवर ठेवून मागच्या खोलीत गेले. त्या खोलीत बत्ती लागलीच नाही. लावून तरी काय उपयोग होता म्हणा. मी गल्लीत उभी होते. सगळ्या घरांत चुली पेटलेल्या, फोडणीचे वास, कोणी कोणाला हाका मारतंय, आणि मधे ती एक खोली काळोखी. इतकी वर्षं मी रोज त्या दारावरून घरी गेले होते, पण तो काळोख माझ्या अंगावर त्या दिवशी आला.

दुसऱ्या सकाळी मी आणि भागाबाई त्यांना महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेलो. भागाबाईला मी सगळं सांगितलं होतं. ती वाटेभर गप्प होती, आणि भागाबाई गप्प म्हणजे काय ते आमच्या वस्तीला विचारा. 

डॉक्टर तरुण होता. डोळ्यांत बत्ती मारून पाहिली. पापणी ओढून पाहिली. मग विचारलं, "बाबा, जेवता काय?"

"माझं झालं," शेठ सवयीनं म्हणाले.

"झालं ते कळलं. काय झालं?"

"चहा."

"आणि?"

"टोस."

"दुपारी?"

"तेच."

"रात्री?"

शेठ खाली बघायला लागले. भागाबाईचा तोंडावरचा हात खाली आला. डॉक्टरनं कसलंसं औषध दिलं, आणि सांगितलं की हा रातांधळेपणा जेवणाच्या हयगयीनं आलाय, वेळेवर आलात म्हणून बरं, रोज पालेभाजी खा, गाजर खा, पपई खा, डाळ खा. "मिळते ना तुमच्याकडे डाळ-भाजी?" त्यानं विचारलं. 

बाहेर आल्यावर भागाबाईला हसू फुटलं. "डाळवाल्या शेठले डॉक्टर डाळ खा म्हणते वं! मिळते का म्हणे!" हसता हसता ती रस्त्याच्या कडेला थांबली आणि पदरानं नाक पुसलं. 

तुम्ही विचाराल, इतकी वर्षं वस्तीतल्या कोणाच्या ध्यानात कसं आलं नाही? अहो, आम्ही द्यायचो त्यांना! दिवाळीला करंज्या, संक्रांतीला तीळगूळ, कोणाच्या बारशाला लाडू. सणाला शेठच्या फळीवर वाट्यांची रांग. पण डाळीची वाटी? भाजी? ती एकीनंही कधी नेली नाही. ज्याच्या घरी पोत्यानं डाळ भरली आहे त्याला डाळ काय द्यायची, लाज वाटली असती आम्हाला. तसा विचार कोणीही केला असता. आणि गोड तर त्यांनी सगळं लेकरांत वाटून टाकलं.

परतताना मी विचारलं, "शेठ, घरात एवढं सगळं असून काहून हो?"

"एकट्याची डाळ शिजत नाही, वच्छलाबाई." चालता चालता म्हणाले. "म्हणजे शिजते. पण पातेल्यात पाहिलं की पातेलंच जास्त दिसते. मग वाटते, चहाच बरा. चहाचा पेला एकट्याचाच असते."

त्या संध्याकाळी भागाबाई पितळी वाटी घेऊन आली. वाटीत पालकाची पातळ भाजी, वर फोडणीतला लसूण. वाटी फळीवर ठेवली.

"शेठ, तुम्ही मूठ टाकली होती नं? शिजवून आणली."

"माझं झालं, माय."

"झालं तं झालं. मग आम्हीबी समोरच्या दुकानात जाऊन राहिलो. तिथं चमचा भेटते."

"मी विकतो. घेत नाही."

"असं कसं? तुमचा नेम हाय नं, डाळ घेतली तं वरून मूठ? आमचाबी नेम झाला आजपासून. डाळ शिजली तं वरून वाटी. नाही घेत तं नाही. चला वं वच्छला, फणी आणाले."

मी सूप खाली ठेवून खरंच उठले. शेठनं आमच्याकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. मग वाटी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून खायला बसले. पाठमोरे. भागाबाई ओट्यावर बसून त्यांच्या पाठीला भाव विचारत राहिली, आंबटचुका कसा दिला, जवस जुनं की नवं. वाटी रिकामी झाल्यावरच उठली.

मग बायकांनी पाळ्या लावून घेतल्या. मीही त्यात होते. एक गोष्ट मात्र आम्हाला पुढं कळली. वाटी ठेवून निघून गेलं, की ती तशीच राहायची. सकाळी बघावं तर वर साय धरलेली. आणि कोणी दोन घटका बसलं, काहीही बोलत, नवऱ्याच्या कागाळ्या सांगत, की वाटी चाटूनपुसून साफ. भुकेचा त्यात काही संबंध नव्हता. मग आम्ही बसायलाच लागलो. माझ्या पाळीला मी रद्दीतली अर्धी गोष्ट वाचायची. होता होता शेठची पाठ वळली. भिंतीकडून तराजूकडे, तराजूकडून रस्त्याकडे. "बसा नं थोडं," असं एक दिवस ते स्वतःच म्हणाले. 

होळीच्या सुमाराला त्यांनी भोंग्यानंतर दुकान उघडं ठेवलं. बल्बखाली उभे राहून तराजूचा काटा बघत होते. भागाबाईनं मुद्दाम डाळ आणि साखर मागितली. मूठ भरली, वर आली, थांबली. आणि डाळीवर पडली.

"साखरेवर?" भागाबाई म्हणाली.

"साखरेवर काही नाही, माय," शेठ म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दात दाखवून हसताना पाहिलं. समोरचे दोन नव्हतेच.

बरीच वर्षं असं चाललं. मग गिरणीचं काम बिघडलं. एक पाळी बंद, मग दुसरी. भोंगा व्हायचा पण त्यामागून माणसं कमी यायची. भागाबाई मुलाकडे भिलाईला गेली. एकेक घर उठलं. आम्हीही वस्ती सोडून दूर खोली घेतली, मी धरमपेठेत दोन घरी निवडण-टिपण करायला जाऊ लागले. तिथं महिन्याचा किराणा एकदम यायचा. शेठचं मला कळलं ते उशिरा. पुतण्यानं येऊन दुकान आवरलं आणि त्यांना नरखेडला नेलं. बरं वाटलं मला. भरलेलं घर आहे, पंगत बसते, आता म्हाताऱ्याला एकट्यानं जेवावं लागायचं नाही.

पुढल्या हिवाळ्यात मी एस.टी.नं भेटायला गेले. बगिचे फळांनी लगडलेले होते. पुतण्याचं घर मोठं, माणसं चांगली. मला आधी पाणी, मग चहा, मग जेवणाचा आग्रह. सगळे कामात. संत्र्यांचा तोडा सुरू होता, पेट्या भरल्या जात होत्या, मोटारसायकलवर कोणी येतंय, कोणी जातंय. शेठ बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, खाटेवर. अंगात तीच बंडी. मला पाहून उठून बसले.

"वच्छलाबाई! बसा नं, बसा. त्या पोरीचं काय झालं, पान भेटलं काय?"

"नाही भेटलं, शेठ."

"बरंच झालं असंल तिचं."

मी खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात झाकलेलं ताट होतं. सुनेनं वाढून आणून ठेवलेलं, वेळच्या वेळी, काही कमी नाही त्यात. वरण, भाजी, पोळी. वरणावर साय धरली होती. खाटेखाली चहाची कपबशी, आणि बशीत टोसाचा चुरा.

"शेठ, जेवले का?"

"माझं झालं."

मी ताट उचललं, त्यांच्यासमोर ठेवलं, आणि खाली बसले. भागाबाईच्या नातवाचं बारसं, धरमपेठेतल्या बाईचं कुत्रं, कशाकशाबद्दल बोलत राहिले. त्यांनी पोळी मोडली. एक घास, मग दुसरा. गार वरण पोळीनं पुसून खाल्लं. ताट स्वच्छ झालं तेव्हा उन्हं उतरली होती आणि माझी गाडी निघायची वेळ झाली होती.

सुनेला मी जाताना सांगितलं, "माय, ताट ठेवून जाऊ नको. दोन घटका बस त्यायच्यापाशी, मग खातात ते." ती चांगली पोर होती. "हो, काकू," म्हणाली. तिच्या कडेवर एक लेकरू होतं, दुसरं पदर ओढत होतं, आणि आतून तिला दोन हाका आल्या. ती कुठून बसणार होती? मी तरी कुठं रोज बसायला जाणार होते? नागपूरहून नरखेडला जाऊन कोणी कोणाशेजारी रोज बसतं का?

त्यानंतर वर्षभरात ते गेल्याचं कळलं. पण माझ्यासाठी ते त्या संध्याकाळीच राहिलेत, एस.टी.च्या थांब्यावर.

नको म्हणत असतानाही ते पोचवायला आले होते. माझ्या कोपराला धरून चालत होते. मला वाटलं, म्हातारपण आहे, आधार घेताहेत. थांब्यावर दोन गाड्या उभ्या होत्या. माझी नागपूरची, आणि पलीकडे एक रिकामी, मुक्कामाची, ड्रायव्हर नसलेली. मी चढले, खिडकीशी बसले. माझ्या पिशवीत त्यांनी काहीतरी घातलं होतं, ते मी मागाहून पाहिलं. रुमालाच्या गाठीत मुगाची डाळ. मूठभर.

घंटी वाजली. मी खिडकीतून हात बाहेर काढला. शेठ खाली उभे होते, हात उंच करून हलवत होते, तोंडभर हसत होते. त्या दुसऱ्या गाडीकडे बघून. रिकाम्या खिडक्यांकडे बघून ते हात हलवत होते.

"शेठ!" मी ओरडले. "इकडं! मी इकडं हाय!"

आमची गाडी हलली, इंजिनाच्या आवाजात माझा आवाज गेला. ते अंधारात तिकडेच बघत राहिले. "बसा नं," म्हणत असावेत, ओठ तसे हलले. आणि हात हलतच होता.